एक्स ग्रेशिया आणि नुकसानभरपाई: फरक काय?

दोन्हींत पैसे हातात पडतात, म्हणून हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. खरा फरक पैसे का दिले यात आहे.

‘एक्स ग्रेशिया’ मूळचा लॅटिन. ‘एक्स’ म्हणजे -मधून, -पोटी. ‘ग्रेशिया’ म्हणजे कृपा. मराठीतला ‘सानुग्रह’ हा प्रतिशब्द मला फार नेमका वाटतो, कारण अनुग्रह मागता येतो, वसूल करता येत नाही. अशी रक्कम देणाऱ्यावर कायद्याचं बंधन नसतं आणि ती दिली म्हणजे चूक कबूल केली, असंही होत नाही.

१९८८ साली अमेरिकी युद्धनौकेने इराणचं प्रवासी विमान पाडलं. २९० माणसं गेली. १९९६ च्या समझोत्यात अमेरिकेने मृतांच्या कुटुंबीयांसाठी ६ कोटी १८ लाख डॉलर मान्य केले, पण एक्स ग्रेशिया म्हणून. कायदेशीर जबाबदारी स्वीकारलीच नाही. एका शब्दाचं वजन इथे कळतं.

नुकसानभरपाई हक्काची असते. जबाबदारी ठरते, नुकसान मोजलं जातं, नाकारली तर दावा लावता येतो.

म्हणूनच ‘सानुग्रह भरपाई’ असं लिहिलेलं मला खटकतं. वाचणाऱ्याला आपला हक्क आहे की नाही हेच कळत नाही. सानुग्रह रक्कम घेतल्याने भरपाईचा हक्क आपोआप संपतोच असं नाही. मात्र पावतीवर ‘पूर्ण व अंतिम’ असं काही छापलंय का, हे सही करण्याआधी नीट वाचावं.