छोट्या ऑफिसचा सर्व्हर: रेड कार्ड घ्यावं की लिनक्सचं रेड पुरतं?

मांडवीतल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यांनी परवा नव्या सर्व्हरचं कोटेशन पुढे ठेवलं आणि विचारलं, "हे रेड कार्ड घेऊच का? न घेता नाही चालणार?" रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून एखादी गेली तरी डेटा टिकवायची पद्धत; तिचे रेड वन, रेड फाइव्ह हे प्रकार त्यांना माहीत होते. प्रश्न एवढाच की ते काम वेगळ्या कार्डाकडे द्यायचं की लिनक्समधल्या एमडी या सॉफ्टवेअरकडे. बडोद्यात मी दोन्ही प्रकार बरीच वर्षं सांभाळतो आहे. कारेलीबागेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कार्ड होतं आणि दांडिया बाजारात एका सीएंच्या ऑफिसात दोन डिस्क आणि एमडी.

रोजच्या वापरात कार्ड सुखाचं, हे आधीच मान्य करतो. लॅबमधली एक डिस्क गेली तेव्हा मी नाशिकला लग्नात होतो. फोनवर रिसेप्शनच्या ताईंना सांगितलं, "ज्या खणाचा दिवा पिवळा झालाय तीच डिस्क ओढा आणि कपाटातली नवी तशीच आत सारा." त्यांनी सारली आणि रिबिल्ड, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं, आपोआप सुरू झालं. दांडिया बाजारात असं चालत नाही. तिथे खराब डिस्क आधी कमांडने काढून टाकायची, सिरियल नंबर जुळवायचा, नव्या डिस्कवर पार्टिशन, म्हणजे भाग, पाडायची आणि मग ती जोडायची. घाईत चांगलीच डिस्क ओढली जाऊ नये म्हणून मी प्रत्येकीच्या कडेला नंबरचे शेवटचे चार आकडे चिकटवून ठेवले आहेत. बूटचं, म्हणजे मशीन सुरू होण्याचंही तसंच. कार्ड सगळ्या डिस्क मिळून एकच दाखवतं, त्यामुळे कुठलीही गेली तरी मशीन उठतं. एमडीत मशीन ज्यावरून सुरू होतं ते ईएफआय पार्टिशन दुसऱ्या डिस्कवर आपण स्वतः करून ठेवायचं असतं. ते राहिलं तर डेटा शाबूत असूनही मशीन सुरू होत नाही.

वेगाबद्दल लोक फार भांडतात. पंधरा-वीस माणसांच्या ऑफिसात मला तरी फरक जाणवलेला नाही. पॅरिटीचं, म्हणजे गेलेल्या डिस्कवरचा डेटा परत काढता यावा म्हणून ठेवायचं, गणित आजच्या प्रोसेसरला किरकोळ आहे. कार्डाचा खरा जोर त्याच्या कॅशमध्ये, म्हणजे लिहायचा डेटा आधी झटकन धरून ठेवणाऱ्या मेमरीत, असतो आणि जुन्या कार्डांत ती कॅश बॅटरीच्या भरवशावर चालते. बॅटरी थकली की कार्ड कॅशमध्ये लिहिणं थांबवून थेट डिस्कवर लिहायला लागतं. लॅबमध्ये एकदा रिपोर्ट सेव्ह व्हायला फार वेळ लागू लागला आणि मी बॅटरी न बघता दोन दिवस नेटवर्कच्या केबली तपासत बसलो.

पण माझं मत बदललं ते या कशामुळे नाही.

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा लॅबमधल्या मुलांनी वेळेवर सर्व्हर उचलून वरच्या मजल्यावर नेला. मशीनला पाण्याचा थेंब लागला नाही. वीज आल्यावर मशीन चालू झालं, पण कार्ड मेलेलं. हलवाहलवीत धक्का लागला की व्होल्टेजचा फटका बसला, कोण जाणे. डिस्क चारही ठणठणीत, पण त्या एकमेकींशी कशा जोडल्या आहेत हे वाचायला त्याच घराण्यातलं कार्ड हवं, आणि ते मॉडेल बंद झालेलं. बडोद्यात विचारलं, अहमदाबादेत विचारलं. अखेर मुंबईत लॅमिंग्टन रोडला एक वापरलेलं कार्ड मिळालं, त्यात नऊ दिवस गेले. बॅकअप होता, पण पुराच्या आधीच्या दोन दिवसांचे रिपोर्ट फक्त त्या डिस्कवर होते. पेशंट रोज दारात येऊन विचारत होते.

कार्ड बसवलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. काळ्या पडद्यावर ओळ आली: फॉरेन कॉन्फिगरेशन सापडलं आहे, आयात करायचं तर एफ दाबा. मागे डॉक्टरमॅडम उभ्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "दाबल्यावर जाणार तर नाही ना सगळं?" मला खात्रीने "नाही" म्हणता आलं नाही. आपलाच डेटा, आपल्याच डिस्क, आणि कार्ड त्यांना परकं म्हणत होतं. एफ दाबलं, सगळं परत आलं. पण ती मिनिटं मी विसरलेलो नाही.

पुढच्या मे महिन्यात सीएंच्या ऑफिसातल्या सर्व्हरचा मदरबोर्ड गेला. तारीख १८, आणि २० ला जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं विवरणपत्र भरायची शेवटची मुदत. दोन्ही डिस्क काढल्या, एका आर्टिकलच्या, म्हणजे शिकाऊ सीएच्या, साध्या डेस्कटॉपला लावल्या, पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं आणि एमडीएडीएम या एमडीच्या साधनाची, डिस्क पुन्हा जोडणारी असेंबलची एक कमांड दिली. एमडीस्टॅट या एमडीची स्थिती दाखवणाऱ्या फाइलमध्ये दोन यू शेजारी शेजारी दिसले, म्हणजे दोन्ही डिस्क जागेवर. जोडणीची माहिती एमडी डिस्कवरच लिहितो आणि ती वाचायला कुठलंही लिनक्स पुरतं. पाऊण तासात फाइली नेटवर्कवर आल्या. सीए काकांनी विचारलं, "नवा बोर्ड कधी येईल?" म्हटलं, येईल तेव्हा येईल.

माझा अनुभव दोनच ठिकाणचा आहे, त्यामुळे सरसकट सांगत नाही. सर्व्हरवर ईएसएक्सआय (एका मशीनवर अनेक सर्व्हर चालवणारी प्रणाली) टाकायचं असेल तर कार्डच घ्या, त्यात सॉफ्टवेअर रेड नाही. कमांड देणारं कुणीच हाताशी नसेल आणि डिस्क बदलण्याचं काम रिसेप्शनवरच होणार असेल, तरीही कार्ड बरं, पण मग तेच मॉडेल आणखी एक घेऊन कपाटात ठेवा. एमडी घेतलंत तर यूपीएसवर कंजुषी करू नका, कारण त्याच्याकडे कार्डासारखी बॅटरीवरची कॅश नसते.

मांडवीच्या व्यापाऱ्यांकडे फाइल शेअरिंगपलीकडे काही नाही, आणि त्यांचा भाचा लिनक्सवर बसतो. त्यांच्या कोटेशनवरची कार्डाची ओळ मी पेनने खोडली आणि त्या जागी एक जादा डिस्क लिहिली.