जनकगंजाच्या गल्लीतली वॅगन आर: दहा महिन्यांच्या वापरानंतर

फेब्रुवारी 2025 मध्ये आम्ही मारुतीची वॅगन आर घेतली. 1.0 लिटरचे पेट्रोल इंजिन, साधे पाच गिअर, व्हीएक्सआय मॉडेल. गाडी आजवर 8,400 किलोमीटर चालली असून ग्वाल्हेरचा कडक उन्हाळा, पावसाळा आणि आता थंडीची सुरुवात, असे तिन्ही ऋतू वापरून झाल्यामुळे अनुभव लिहावा असे वाटले. सगळा खर्च धरून 7 लाखांच्या वर एक रुपयाही जायचे नाही, हे घरात आधीच ठरले होते, कारण आईच्या दुसऱ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ठेवलेल्या पैशांना हात लावायचा नव्हता.

शोरूममध्ये जाण्याआधी आम्ही एक काम केले, आणि ते केल्याचे मला आजही समाधान आहे. जनकगंजातल्या आमच्या गल्लीत विजेचा खांब आणि शेजाऱ्यांचा ओटा यांच्यामधली सर्वांत अरुंद जागा भावाने आणि मी टेप धरून मोजली. ती 198 सेंटिमीटर भरली. वॅगन आरची रुंदी आरसे सोडून 162 सेंटिमीटर आहे, म्हणजे आरसे मिटून गाडी मधोमध नेली तर दोन्ही बाजूंना प्रत्येकी 18 सेंटिमीटर, वीतभरही नाही, एवढीच जागा उरते. टाटाच्या टियागोची रुंदी जवळपास 168 सेंटिमीटर असल्याने तिथे ही जागा 15 वर आली असती. मारुतीचीच ऑल्टो के10 मात्र 149 सेंटिमीटरच रुंद आहे आणि केवळ गल्लीचा विचार केला असता तर तीच घ्यायला हवी होती.

परंतु निर्णय गल्लीपेक्षा आईच्या गुडघ्यांनी केला. आई गाडीत कशी बसते, हे मी त्या दिवसापर्यंत नीट पाहिलेच नव्हते. ती आधी गाडीकडे पाठ करते, एका हाताने दाराची चौकट धरते, मग आसनावर टेकते आणि शेवटी एकेक पाय हाताने उचलून आत घेते. आसन तिच्या गुडघ्यांपेक्षा खाली असेल तर टेकण्याच्या वेळी तिला अंग सोडून द्यावे लागते आणि उतरताना दोघांनी धरून उठवावे लागते. बसक्या बांधणीच्या गाड्यांत हे दोनदा घडले आणि तिसऱ्यांदा तिने नुसतीच मान हलवली. वॅगन आरची उंची 1,675 मिलिमीटर आहे आणि आसन जवळजवळ आमच्या घरच्या खुर्चीच्या पातळीवर येते. आई बसली, उतरली, आणि पुन्हा एकदा आपण होऊन बसली. डिकी 341 लिटरची असल्याने तिचा वॉकर घडी करून आडवा ठेवला तरी दोन पिशव्यांना जागा राहते. सीएनजीचा विचार मी याच कारणाने सोडला, कारण सिलिंडरने तीच जागा खाल्ली असती. शिवाय आमचे रोजचे फिरणे 25-30 किलोमीटरचे, तेवढ्यात जवळपास 90 हजारांचा वाढीव खर्च वसूल व्हायला बरीच वर्षे लागली असती.

आता पैशांविषयी. माधवराव शिंद्यांनी 1905 साली सुरू केलेला ग्वाल्हेरचा मेळा आपल्याकडे वाहनखरेदीसाठी महत्त्वाचा ठरतो, कारण मेळ्यात घेतलेल्या आणि इथल्याच आरटीओत नोंदवलेल्या गाडीला रोड टॅक्समध्ये निम्मी सूट मिळते. ही सूट आपोआप लागू होत नाही. आम्ही गाडी घेतली त्या खेपेस मेळा डिसेंबर 2024 अखेर सुरू झाला, पण सवलतीचा आदेश जानेवारीत निघाला, म्हणून आदेश निघेपर्यंत बुकिंग पक्के करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. सुमारे 6 लाखांच्या एक्स-शोरूम किमतीवर 8 टक्क्यांऐवजी 4 टक्के कर भरून आमचे 24 हजार वाचले. शोरूमने दिलेल्या पहिल्या कोटेशनमध्ये मात्र हाताळणी खर्च आणि आम्ही न मागितलेल्या ॲक्सेसरीज धरून 19 हजार अधिक लावले होते. प्रत्येक रकमेचा तपशील लेखी मागितल्यावर ते आकडे गेले. विमाही शोरूमकडूनच घेतला पाहिजे असे बंधन नसते. तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा नव्या गाडीला सक्तीचा आहे, पण तो बाहेरूनही घेता येतो. इथे एक बारकावा उपयोगी पडला: 1,000 सीसीपर्यंतच्या गाडीला या तीन वर्षांचे 6,521 रुपये पडतात, तर त्यावरच्या आणि 1,500 सीसीपर्यंतच्या गाडीला 10,640. आमचे इंजिन 998 सीसीचे आहे. अखेर गाडी 6 लाख 62 हजारांत दारात आली.

त्यानंतर 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी, उपकर धरून, 29 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. अकरा टक्के कर कमी झाला म्हणजे किंमत अकरा टक्क्यांनी उतरली असा समज दिसतो, तो बरोबर नाही. कर मूळ किमतीवर लागत असल्याने 129 चे 118 झाले, म्हणजे घट साधारण साडेआठ टक्क्यांची. आमच्या गाडीपुरते सांगायचे तर 51 हजारांची. हे वाचल्यावर मन खट्टू झाले होते, हे लपवत नाही. त्यानंतर घेणाऱ्यांना मेळ्याची सूटही जाहीर झाली तर दोन्ही लाभ एकत्र मिळतील.

चालवण्याचा अनुभव शहरात अतिशय सुखाचा आहे. क्लच हलका आहे, काच मोठी असल्याने पुढचे सगळे दिसते, आणि महाराज बाड्याच्या गर्दीत दुसऱ्या गिअरमध्ये गाडी शांतपणे रेंगाळते. ॲव्हरेज मी टाकी पूर्ण भरून पुन्हा पूर्ण भरेपर्यंतच्या हिशोबाने काढते: शहरात लिटरला 16 ते 17 किलोमीटर, मे महिन्यात पारा 45 च्या वर असताना एसी सतत चालू ठेवून 14, आणि झाशीच्या रस्त्यावर 80 च्या वेगाने 21. कागदावरचा 24.35 हा आकडा चाचणीच्या ठरावीक परिस्थितीतला असतो, त्यावर घरखर्चाचा हिशोब मांडू नये. उरवाई दरवाजाने किल्ल्यावर चढताना पाच माणसे असतील तर मी वळणाआधीच पहिला गिअर टाकते. 67 अश्वशक्तीच्या इंजिनाकडून याहून अधिक अपेक्षा मी ठेवलेली नाही. गल्लीतल्या खांबाला डावा आरसा एकदा घासला, तो आरसे न मिटता घाईने गाडी काढल्यामुळे.

सुरक्षिततेबद्दल स्पष्ट लिहिणे माझे कर्तव्य समजते. गाड्या धडकवून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या 2023 च्या चाचणीत पाचपैकी वॅगन आरला प्रौढांच्या सुरक्षेसाठी एकच तारा मिळाला होता, तर टियागोला 2020 मध्ये चार मिळाले होते. आमच्या गाडीत दोन एअरबॅग आहेत. पुढे 2025 मध्येच या मॉडेलला सहा एअरबॅग सरसकट मिळू लागल्या. आमचे बहुतेक फिरणे शहरातल्या लष्कर, कंपू आणि मुरार या भागांत, चाळीसच्या आतल्या वेगाने होते, म्हणून मी हा निर्णय घेतला. मागच्या आसनावरही पट्टा लावल्याशिवाय मी गाडी सुरू करत नाही आणि महामार्गावर 80 ओलांडत नाही. ज्यांना दर आठवड्याला शिवपुरी किंवा आग्र्याला जायचे असते, त्यांनी गल्ली आणि डिकी बाजूला ठेवून आधी ताऱ्यांकडे पाहावे, असे माझे मत आहे.

गेल्या महिन्यात आम्ही दतियाला पीतांबरा पीठाच्या दर्शनाला गेलो होतो. गाडी लावून, चावी काढून मी आईला उतरवायला पलीकडे वळले, तोवर ती दार धरून उभी होती आणि वॉकर काढून दे म्हणत होती.