नाशिकच्या घरात पीएस५ स्लिम : दहा हजार जास्त गेले तरी डिस्कवालाच घ्या

सोनीचा गेम खेळायचा कन्सोल प्लेस्टेशन ५ (पीएस५), त्याचं सडपातळ 'स्लिम' मॉडेल भारतात ५ एप्रिल २०२४ पासून मिळू लागलं. तेव्हा डिस्क ड्राइव्ह असलेल्याची किंमत होती ५४,९९० रुपये आणि ड्राइव्ह नसलेल्या डिजिटलची ४४,९९०. किमती वर-खाली होत राहतात, दसरा-दिवाळीला सूटही मिळते, त्यामुळे घेण्याच्या दिवशी दोन-तीन ठिकाणी भाव विचारावा. आतलं यंत्र दोन्हींचं एकच आहे : तोच प्रोसेसर, बाजारात आले तेव्हा गेम साठवायची तीच १ टीबी एसएसडी, सोबत तोच कंट्रोलर. फरक फक्त डिस्क आत जाण्याच्या फटीचा. तरीही नाशिकमध्ये राहणाऱ्याने डिस्कवालाच घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कारण सरळ हिशेबाचं आहे. नवा मोठा गेम साधारण ५ हजारांना पडतो, डिस्क घ्या की स्टोअरमधून डाउनलोड करा. 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक', 'स्पायडरमॅन २', 'द लास्ट ऑफ अस' असे कथाप्रधान गेम पंधरा ते तीस तासांत संपतात. गोष्ट संपली की तो गेम पुन्हा लगेच कोणी खेळत नाही. डिस्क असेल तर ती पुढे विकता येते. समजा ५ हजारांची डिस्क खेळून झाल्यावर ३ हजारांना गेली, तर त्या गेमचा खरा खर्च २ हजार. असे चार-पाच गेम झाले की वरचे दहा हजार वसूल. डिजिटल प्रत विकता येत नाही, मित्राला आठवडाभर वापरायलाही देता येत नाही. शिवाय आपलं शहर या व्यवहाराला सोयीचं आहे. सिडकोतला विकणारा आणि पंचवटीतला घेणारा अर्ध्या तासात समोरासमोर येतात, डिस्क हातात घेऊन पाहता येते, कुरियरचा खर्च नाही आणि फसवणुकीची भीतीही कमी. एमजी रोड, कॉलेज रोडच्या दुकानांत जुनी डिस्क देऊन फरक भरण्याबद्दलही विचारून पाहावं.

दरवर्षी निघणाऱ्या खेळांच्या डिस्कना मात्र हा हिशेब लागू नाही. फुटबॉलचा नवा गेम आला की आदल्या वर्षीच्या डिस्कचा भाव धाडकन पडतो. ती विकायची असेल तर पुढचा भाग यायच्या दोन महिने आधीच विकावी. आणि घरात फक्त 'फोर्टनाइट'सारखे फुकटचे ऑनलाइन गेमच खेळले जाणार असतील, तर डिजिटल घेतला तरी काही बिघडत नाही. त्यांना डिस्कही लागत नाही आणि 'प्लेस्टेशन प्लस' या सोनीच्या ऑनलाइन सेवेची वर्गणीही.

जुनी डिस्क घेताना चमकती बाजू उजेडात तिरकी धरून बघा. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. सीडीमध्ये माहितीचा थर पृष्ठभागापासून १.२ मिलिमीटर आत असतो, डीव्हीडीत ०.६ मिलिमीटर. पीएस५ ची डिस्क ब्लू-रे असते. तिच्यात तो फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो आणि वर एक कडक संरक्षक लेप असतो. त्या लेपामुळे बारीक रेघा सहसा पडत नाहीत, पण एक खोल ओरखडा पडला तर तो थेट माहितीपर्यंत जातो. म्हणून टूथपेस्ट लावून किंवा पॉलिश मशीनवर घासून डिस्क दुरुस्त करायचा जुना उपाय इथे उलटतो. लेप जातो आणि डिस्क कायमची वाया जाते. नखाला जाणवणारा ओरखडा असेल तर घेऊच नका. बोटांचे ठसे असतील तर चष्म्याच्या मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नाही. जमलं तर विकणाऱ्याच्याच कन्सोलवर इन्स्टॉल होताना बघा. सुरुवातीचे पाच टक्के पाहून उठू नका, खराब डिस्क बऱ्याचदा अर्ध्यावर अडकते.

डिस्क घातली म्हणजे गेम डिस्कवरून चालतो असं नाही. तो आधी एसएसडीवर उतरतो, डिस्क नंतर फक्त किल्लीसारखी लागते. परदेशातून आणलेली डिस्कही चालते, कारण पीएस५ च्या गेमना प्रदेशाचं कुलूप नाही. पण त्या डिस्कसोबत वेगळं विकत घ्यायचं डीएलसी (गेमचा जादा भाग) तुमच्या भारतीय खात्याच्या स्टोअरशी जुळेलच असं नाही. दुबईहून कोणी डिस्क आणत असेल तर ज्याचं डीएलसी घ्यायचं नाही असाच गेम मागवावा. घरात पीएस४ च्या डिस्क पडून असतील तर हा आणखी एक फायदा : त्या जवळजवळ सगळ्या पीएस५ वर चालतात, डिजिटलवर त्यांचा काहीच उपयोग नाही.

'आत्ता डिजिटल घेऊ, ड्राइव्ह नंतर लावू' असंही सुचवलं जातं. स्लिममध्ये ड्राइव्ह खरोखरच सुटी निघते आणि लावणंही सोपं आहे. मात्र ती वेगळी विकत घ्यावी लागते, दुकानात हाताशी मिळेलच असं नाही आणि पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं. आधीच ठरवून घेतलेलं बरं.

आता यंत्राकडे. डिस्कवाल्या स्लिमचं वजन ३.२ किलो, २०२० च्या मूळ मॉडेलचं ४.५ किलो होतं. १ टीबीपैकी वापरायला साधारण ८४० जीबी मिळतात. मोठे गेम ८० ते १२० जीबीचे असल्यामुळे सात-आठ गेममध्ये जागा भरते. उभा ठेवायचा स्टँड खोक्यात येत नाही, वेगळा घ्यावा लागतो. आडवा ठेवण्यासाठी दोन छोटे प्लास्टिकचे पाय येतात, पण ते इतके हलके आहेत की कन्सोल पुसायला उचलला की निसटतात. या किमतीला स्टँड सोबत द्यायलाच हवा होता.

नाशिकमध्ये खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत होते. सोनीने या यंत्रासाठी खोलीचं तापमान ५ ते ३५ अंश दिलं आहे, आणि आपल्याकडे दुपारी पारा ३८-४० ला टेकतो. पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर त्या वेळी तासन्‌तास खेळू नये. संध्याकाळी सातनंतर तोच कन्सोल मुकाट चालतो. भिंतीपासून किमान १० सेंटिमीटर अंतर ठेवा. हॉलमधल्या काचेच्या दाराच्या शोकेसमध्ये तो कधीच ठेवू नका. मागून बाहेर पडलेली गरम हवा तिथेच कोंडते, पंखा तीच पुन्हा आत ओढतो, आवाज वाढतो आणि शेवटी 'पीएस५ फार गरम झाला आहे' असा संदेश येऊन खेळ थांबतो.

२०२७ च्या कुंभमेळ्यासाठी शहरात रस्त्यांची कामं निघाली आहेत, त्यामुळे धूळही जास्त. दोन महिन्यांतून एकदा कन्सोल पूर्ण बंद करून, वायर काढून, बाजूची झाकणं हळूच सरकवून उतरवा. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, फिरू देऊ नका, आणि मऊ ब्रशने धूळ काढा. एवढंच करा. पुढे स्क्रू उघडून 'आतून सर्व्हिसिंग' करून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा. पीएस५ च्या प्रोसेसरवर साध्या पेस्टऐवजी द्रवधातू आहे. तो वीजवाहक असतो. उघडताना बाजूला ओघळला तर बोर्डच शॉर्ट होतो. झुरळांचाही बंदोबस्त करा, कारण गरम, अंधारी जागा त्यांना फार आवडते. कन्सोलवर स्प्रे मारायचा नाही, टीव्हीच्या कपाटामागे जेलचे थेंब लावायचे.

वीज हा याहून मोठा विषय. पावसाळ्याच्या आधी वळीव आला की महावितरणची लाइट जाते-येते, आणि कन्सोलचं सर्वात जास्त नुकसान त्यातच होतं. एसएसडीवर लिहिणं चालू असताना वीज गेली की सेव्ह फाइल (खेळ कुठवर आला याची नोंद) बिघडू शकते. इथे सोनीचं धोरण गिऱ्हाइकाच्या विरोधात आहे : पीएस४ गेमची सेव्ह पेनड्राइव्हवर काढता येते, पीएस५ गेमची नाही. तिची दुसरी प्रत ठेवायची तर प्लेस्टेशन प्लसची वर्गणी भरून क्लाउडवरच. चाळीस तासांची गोष्ट एका झटक्यात जाऊ नये यासाठी हा पर्याय फुकट असायला हवा होता.

उपाय अवघड नाही. जड गेम चालू असताना कन्सोल साधारण २०० वॉट घेतो (रोज तीन तास खेळलं तर महिन्याला १८ युनिट). ४३ इंची टीव्हीचे ८० आणि राउटरचे १० धरले तर बेरीज २९० होते. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो, म्हणजे तो चालेल पण काठावर. १,००० व्हीएचा घेतला तर गेम सेव्ह करून नीट बंद करायला निवांत वेळ मिळतो. घरचा इन्व्हर्टर वापरणार असाल तर त्याच्या मागचं बटण 'यूपीएस' मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये वीज बदलायला लागणारा क्षण पंखा-दिव्याला कळत नाही, कन्सोल मात्र बंद पडतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर कन्सोल लावूच नये. आणि ज्या भागात वीज वारंवार जाते तिथे रात्री रेस्ट मोडमध्ये (अर्धवट चालू, झोपेत) न ठेवता पूर्ण बंद करावा.

तरीही अचानक बंद पडून नंतर गडबड करू लागला तर दुरुस्तीसाठी दिलेला सेफ मोड वापरा. कन्सोल बंद असताना पॉवरचं बटण दाबून धरा. एक बीप लगेच येते, दुसरी साधारण सात सेकंदांनी, तेव्हा सोडा. कंट्रोलर यूएसबी केबलने जोडा, बिनतारी चालत नाही. यादीतला पाचवा पर्याय कॅशे (तात्पुरत्या फाइली) साफ करून डेटाबेस नव्याने बांधतो, त्यात गेम आणि सेव्ह शाबूत राहतात. सहावा आणि सातवा सगळं पुसून टाकतात, त्यांना हात लावण्याआधी दहादा विचार करा.

जागा कमी पडली की बाहेरची यूएसबी हार्ड डिस्क लावता येते, पण तिच्यावरून फक्त पीएस४ चे गेम खेळता येतात. पीएस५ चे तिथे नुसते ठेवता येतात. खेळायला आतली एम.२ एसएसडीच हवी : पीसीआयई चौथ्या पिढीची, वाचण्याचा वेग सेकंदाला ५,५०० एमबी किंवा जास्त, हीटसिंकसह (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्टीसह) एकूण उंची ११.२५ मिलिमीटरच्या आत. लॅपटॉपसाठीची बिनहीटसिंकची स्वस्त एसएसडी आणून फसू नका. आणि गेम पुन्हा डाउनलोड करायला इथे फार त्रास नाही. १०० एमबीपीएसच्या फायबरवर १०० जीबीचा गेम सव्वादोन-अडीच तासांत उतरतो.

कंट्रोलर हातात घेतल्यावर सुखावतो, ट्रिगरचा ताण आणि बारीक कंपनं गोष्टीत खरोखर भर घालतात. कन्सोलसोबत येणारा 'अॅस्ट्रोज प्लेरूम' आधी खेळा, मग कळेल. पण याचा दुखरा भाग म्हणजे ड्रिफ्ट : बोट न लावता पात्र आपोआप एका बाजूला चालू लागतं. अंगठ्याने फिरवायच्या स्टिकच्या आत कार्बनच्या पट्टीवर एक पातं घासत असतं. ती पट्टी झिजली की चुकीचा आकडा जातो. आधी मागच्या बारीक भोकात पिन घालून पाच सेकंद रिसेट करा, मग गेममधला डेडझोन (स्टिक हलली तरी गेम दुर्लक्ष करतो तेवढा मधला भाग) थोडा वाढवा. नाहीच जमलं तर स्टिकचा अख्खा सुटा भाग बदलावा लागतो आणि त्यासाठी १४ ठिकाणचं सोल्डर काढायचं असतं. हे काम बोर्डचा हात बसलेल्या कारागिरालाच द्या. हॉल इफेक्टचा (चुंबकावर चालणारा, न घासणारा) भाग टाकणार असेल तर आधीच विचारा, 'कॅलिब्रेशन करून देणार ना?' ते न केल्यास नवा भागही मधोमध उभा राहत नाही. चिवडा, चकली खात खेळणं टाळा. तेलकट मसाला स्टिकच्या कडेने आत उतरतो.

मराठी संवाद किंवा उपशीर्षकं या मोठ्या गेममध्ये नाहीत, इंग्रजीवर भागवावं लागतं. म्हणून पहिल्याच दिवशी गेमच्या सेटिंगमध्ये उपशीर्षकांचा आकार मोठा आणि बोलणाऱ्याचं नाव चालू करा. 'द लास्ट ऑफ अस'मध्ये या सोयी उत्तम आहेत. आई-बाबा शेजारी बसून गोष्ट पाहणार असतील तर यानेच खूप फरक पडतो.

खरेदी करताना भारतातली एमआरपीची पट्टी खोक्यावर हवी आणि जीएसटी बिलावर अनुक्रमांक लिहून घ्यायला हवा. वायरीला तीन चौकोनी पिन असतील तर माल बाहेरचा, बहुधा आखाताचा, आहे, त्यावर इथली एक वर्षाची वॉरंटी मिळणार नाही. दुकानदाराला विनंती करून तिथेच जोडून बघा, कोणतीही एक डिस्क घाला, ती ओढून घेतली आणि बाहेरही आली की मगच खोकं बंद करा.