मुख्याध्यापकांची दोन दिवसांची कार्यशाळा, सोलापूर : वर्गनिरीक्षण उत्तम, वेळापत्रक कच्चं

नाव नेतृत्वाचं असलं तरी खरं काम वर्गनिरीक्षणाचं, आणि तेच या कार्यशाळेचं बळ. तासाआधी शिक्षकाशी ५ मिनिटं बोलून एकच मुद्दा ठरवायचा, उदाहरणार्थ प्रश्न विचारल्यावर किमान ३ सेकंद थांबणं. मग मागच्या बाकावर १५ मिनिटं बसून फक्त दिसलं ते टिपायचं. त्याच दिवशी १० मिनिटं चर्चा, आणि पहिलं बोलणं शिक्षकाचं. लॉगबुकात, म्हणजे निरीक्षणाच्या नोंदवहीत, शेरा आधी आणि चर्चा नंतर झाली की शिक्षक बचावात जातो. पुढच्या वेळी सजवलेला पाठ बघायला मिळतो. जोड्या पाडून घेतलेला याचा सराव फार मोलाचा.

शाबासकीचं सत्र ठीकठाक.

उणीव मोठी आहे. शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास तयारीसह धरलेत. चर्चेचा वेळ त्यातच बसायला हवा, मधली सुट्टी खाऊन नव्हे. मोकळे तास जुळवायचे कसे, यावर एक शब्द नाही. शिवाय सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू घरांतली कितीतरी मुलं मराठी शाळेत येतात; नमुना पाठ मात्र सगळे पुस्तकी मराठीतले.

पहिला दिवस चुकवू नका.