नवा म्हणून घेतला, आणि आधीच 48,000 पानं छापून झालेली

मालवणात कचेरीच्या वाटेवर माझं टायपिंगचं छोटं ऑफिस आहे. भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्ज, असली कामं. इंकजेटची शाई परवडेना, शिवाय पावसात अर्जावर एक थेंब पडला की अक्षरं पसरायची. म्हणून मे महिन्यात लेझर प्रिंटर घ्यायचं ठरवलं. जूनमध्ये शाळा-कॉलेजच्या दाखल्यांची झुंबड उडते, त्याआधी मशीन हवं होतं.

त्याच सुमारास एक जण दुकानोदुकानी कार्डं वाटत आला. बोलायला गोड. "ताई, बाजारात पंधरा हजार पडतील, मी साडेनऊला देतो. बिल नाही केलं की जीएसटीचे 18 टक्के वाचतात." पंधरा हजारांतून जीएसटी वजा केला तरी साडेबारा हजारांच्या वर उरतात, साडेनऊ नव्हे. दिवसभर लोकांचे आकडे टाइप करणारी मी, पण हा हिशेब मला तेव्हा सुचला नाही. पैसे वाचतायत एवढंच ऐकलं.

मशीन खोक्यातूनच आलं, चिकटपट्टी लावलेलं. त्यानेच उघडलं, केबल जोडली, ड्रायव्हर टाकला, पाच सुबक पानं काढून दाखवली. जाताना म्हणाला, "खोका कशाला ठेवता, कचरा होतो. मी नेतो." मला वाटलं, किती समजूतदार माणूस! खोक्यावर सिरियल नंबर छापलेला असतो आणि तो मशीनच्या मागच्या नंबराशी जुळायला हवा, हे मला कुठे ठाऊक? पैसे यूपीआयने दिले. खात्यावर नाव एका बाईचं होतं, तेही खटकलं नाही.

पाऊस सुरू झाला आणि पानाच्या उजव्या कडेला काळा ठिपका यायला लागला. त्याच्या खाली आणखी एक, त्याच्याही खाली एक. अक्षरावर बोट घासलं तर काळी भुकटी हाताला. फोन केला तर उत्तर तयार: "कोकणातली हवा, ताई. कागद दमट होतो."

मी फसले ती या वाक्याला. कारण ते खोटं नाही. आपल्याकडे पावसाळ्यात कागद ओल धरतो, कडा वळतात, दोन-दोन पानं एकदम आत जातात, टोनर, म्हणजे लेझरची भुकटी शाई, तीही नीट चिकटत नाही. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं. त्यामुळे मी कागदाचा रिम प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवला, कपाटात 40 वॅटचा बल्ब लावला, ट्रेमध्ये लागतील तेवढीच पानं घालायला लागले. अख्खा जून त्या बल्बची सेवा केली. ठिपके होते तिथेच.

शेवटी टोनर भरून देणारा कुडाळचा मुलगा आला. त्याने नवा रिम फोडून एक पान काढलं आणि माझ्या टेबलावरची फूटपट्टी ठिपक्यांवर धरली. पहिल्यापासून दुसरा साडेसात सेंटिमीटर, दुसऱ्यापासून तिसरा साडेसात.

"ताई, हवा काय फूटपट्टी घेवन ठिपके मारता?"

मग त्याने कार्ट्रिज बाहेर काढून ड्रम दाखवला. गुळगुळीत नळकांडं, त्यावर नखाएवढा ओरखडा. ड्रमचा एक फेरा झाला की ओरखडा एकदा कागदावर उमटतो, म्हणून अंतर सारखं. कार्ट्रिजच्या बाजूचा स्क्रू आधी उघडलेला होता, म्हणजे टोनर पुन्हा भरलेला. टोनर वितळवून कागदावर पक्का करणारा फ्यूजरही झिजलेला, भुकटी त्यामुळे. मग त्याने मशीनवरचं बटण थोडा वेळ दाबून धरलं. एक पान आपोआप बाहेर आलं. त्यावर एका ओळीत आतापर्यंत छापलेल्या पानांचा आकडा होता: 48,316. मी जेमतेम सहाशे काढली असतील.

विक्रेत्याला फोन लावला. म्हणतो, "कंपनीत टेस्टिंग होतं ना, ताई." त्यानंतर त्याचा फोन लागलेला नाही. कंपनीच्या मदत क्रमांकावर सिरियल नंबर सांगितला, तर वॉरंटी केव्हाच संपलेली.

जुनं मशीन दुरुस्त करून विकणं हा काही गुन्हा नाही. तसं सांगून, त्या भावात दिलं असतं तर मी घेतलंही असतं. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवताना पहिला प्रश्न आला तो बिलाचा. माझ्याकडे यूपीआयची पावती आणि "नवीन, सीलपॅक" असा त्याचा व्हॉट्सअॅप मेसेज, एवढंच. तो मेसेज पुसला नाही हे नशीब. ऑफिससाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहक नाही, असं मला दोघांनी सांगितलं. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू वगळलेली नाही, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी नाही. कागद तयार करतेय. टाइप करायला पैसे पडत नाहीत, तेवढा एक फायदा.

ऑगस्टमध्ये दुसरा प्रिंटर घेतला, गावातल्याच दुकानातून, बिलासकट, साडेचौदा हजारांना. दुकानदाराने आधीच सांगितलं की सोबतच्या कार्ट्रिजमध्ये टोनर कमी असतो, लवकर संपेल, आणि कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर लेझर लावू नका, तापताना तो एकदम जास्त वीज ओढतो. खोक्यावरचा नंबर मशीनशी जुळवून पाहिला. मग पैसे द्यायच्या आधी म्हटलं, ते आकड्याचं पान काढून दाखवा.

"पानं मोजून घेणार काय, ताई?" तो हसला, पण काढून दिलं.

त्यावर 3 होते.