काळ्या कापडावरची नक्षी: बाटलीतलं ब्लीच, ब्लीचिंग पावडर की रंगकाट?

गडद सुती कापडावर नवा रंग चढवण्याऐवजी असलेला रंग काढून नक्षी करायची, हे काम घरी सहज जमण्यासारखं आहे. फॅब्रिक पेंटसारखा थर बसत नाही, त्यामुळे कापड कडक होत नाही आणि धुतल्यावर नक्षीला तडेही जात नाहीत. पिशव्या, उशांचे अभ्रे, ओढण्या, टी-शर्ट, गोधडीला लावायचे तुकडे, सगळ्यांवर चालतं. प्रश्न असतो तो रंग कशाने काढायचा याचा. मराठवाड्यात तीन वस्तू हाताशी असतात: किराणा दुकानातलं बाटलीबंद ब्लीच, विहिरीत आणि टाकीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर, आणि रंगाच्या दुकानातली रंगकाट.

रंग तिन्हींनी जातो. तेव्हा कोणतं जास्त पांढरं करतं यावर निवड करू नका. हातातल्या कापडावर, एप्रिलच्या उन्हात, घरात असेल तेवढ्या पाण्यात कोणतं वेळेवर थांबवता येईल, ते बघा. नक्षीच्या जागी चार धुण्यांत कापड विरतं, भोकं पडतात, ती बहुतेक वेळा ब्लीच वेळेत न थांबवल्यामुळे.

आधी कापड ओळखा

दुमडीच्या आतून कापडाचाच एक धागा ओढा आणि जाळा. कागदासारखा जळून मऊ राख झाली तर सूत. वितळून टोकाला काळा कडक मणी झाला तर पॉलिस्टर. त्याचा रंग घरच्या उपायांनी धड निघत नाही. शिवणीचा दोरा मात्र तपासायला घेऊ नका, कारण सुती कुर्त्यालाही तो बऱ्याचदा पॉलिस्टरचाच असतो. नक्षी झाल्यावर तो काळाच राहतो आणि फिक्या भागावर शिवण उठून दिसते. काहींना ते आवडतं, पण आधी माहीत असावं.

रेशीम आणि लोकर ब्लीचमध्ये अक्षरशः विरघळते. म्हणून पैठणी, रेशमाचा धागा असलेलं हिमरू, घोंगडी यांच्या जवळपासही ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर नको. लेगिंग्जमधलं लायक्रा पिवळं पडतं आणि ताण धरत नाही. नवं कापड असेल तर खळ निघेपर्यंत गरम पाण्यात धुऊन घ्या, नाहीतर नक्षी चट्ट्याचट्ट्यांची उठते.

बाटलीतलं ब्लीच

हे सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण. घरगुती बाटलीत साधारण ४ ते ६ टक्के असतं. स्टेन्सिल ठेवून फवारायचं असेल, ब्रशने रेघा काढायच्या असतील किंवा पानांचे ठसे हवे असतील, तर यालाच पहिली पसंती. एक भाग ब्लीच, एक भाग पाणी, आणि तयार द्रावणाच्या लिटरला अर्धा चहाचा चमचा धुण्याचा सोडा. सोड्याने रंग थोडा सावकाश जातो, पण द्रावण अल्कधर्मी राहतं आणि सूत जपलं जातं. 'लवकर व्हावं' म्हणून व्हिनेगर किंवा लिंबू घालायचा सल्ला कुठे वाचला असेल तर विसरून जा. आम्लाने क्लोरिन वायू सुटतो, आणि द्रावण उदासीन होत आलं की सुताचं नुकसान सगळ्यात जास्त होतं.

कुर्त्याच्या आत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला पुठ्ठा सरकवा, म्हणजे मागची बाजू वाचते. जुन्या एक्स-रे फिल्मचं स्टेन्सिल छान बसतं. कडा चिकटपट्टीने दाबून घ्या. कडुनिंबाची डहाळी ठेवली तर पानांची करवतीसारखी कड स्पष्ट उमटते, फक्त पानं कोरडी आणि कापडाला सपाट टेकलेली हवीत. एक हात अंतरावरून दोन-तीन फवारे मारा आणि थांबा. काळं कापड आधी चॉकलेटी होतं, मग विटकरी, मग केशरी, शेवटी फिकट पिवळसर. पांढरं शुभ्र होण्याची वाट बघू नये. हव्या छटेच्या किंचित आधी काम थांबवावं, कारण पाण्यात जाईपर्यंत रंग आणखी उतरतो. बहुतेक वेळा २ ते ८ मिनिटांत काम होतं. १० मिनिटांवर गेलं तर द्रावण शिळं आहे किंवा तो रंग ब्लीचला दाद देणारा नाही. पिगमेंट छपाईचा, म्हणजे धाग्यात न मुरता वर चिकटवलेला रंग असाच अडून बसतो.

नक्षीची कड फिसकटते ती कापड ओलंचिंब झाल्यामुळे. बाटलीचं तोंड थेंब टाकणारं असेल तर ती बदला, बारीक धुकं हवं. काम झालं की बाटली रिकामी करून साध्या पाण्याचे चार फवारे मारा, नाहीतर आतली धातूची स्प्रिंग गंजते आणि पुढच्या वेळी तांबूस ठिपके उडतात.

याची खोट म्हणजे साठवण. हायपोक्लोराइट उष्णतेने आणि उजेडाने आपोआप कमजोर होत जातं. पत्र्याच्या गोदामात उन्हाळा काढलेल्या बाटलीत लेबलावरचा जोर राहिलेला नसतो. उत्पादनाची तारीख बघून ताजी, छोटी बाटली घ्या.

दाट द्रावणाने बारीक रेषा काढायची असेल तर काही जण जाड टॉयलेट क्लीनर वापरतात. इथे लेबल वाचल्याशिवाय हात लावू नका. काहींत हायपोक्लोराइट असतं, तर बऱ्याच क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ॲसिडवालं ब्लीचच्या संपर्कात आलं तर बंद न्हाणीत जीवावर बेतू शकतं.

ब्लीचिंग पावडर

स्वस्त, आणि गावात हमखास मिळणारी. ताज्या पावडरीत उपलब्ध क्लोरिन, म्हणजे रंग काढायच्या कामी येणारा, साधारण ३३ टक्के असतो; पुडी फुटलेली किंवा ओलसर, गोळे झालेली असेल तर बराच कमी. मोठी अडचण तिच्यातल्या चुन्याची. न विरघळलेला कण कापडावर बसला की तिथे एक तीव्र ठिपका पडतो आणि पुढे नेमकं तिथेच भोक. त्यामुळे कालवलेली पावडर थेट लावू नका.

प्लॅस्टिकच्या बादलीत १ लिटर पाणी घ्या. त्यात १०० ग्रॅम पावडर थोडी थोडी टाकत लाकडी काठीने ढवळा. ५० ग्रॅम धुण्याचा सोडा वेगळ्या थोड्या पाण्यात विरघळवून त्यात ओता. चुना पांढऱ्या गाळाच्या रूपात खाली बसतो. ५-६ तास सावलीत, सैल झाकून ठेवा आणि वरचं नितळ पाणी अलगद काढून घ्या. पावडर ताजी असेल तर हे साधारण ३ टक्क्यांचं द्रावण होतं, म्हणजे निम्मं पाणी घातलेल्या बाटलीतल्या ब्लीचइतकं, तेव्हा आणखी पातळ करायची गरज नाही. दोन दिवसांत संपवा. ॲल्युमिनियमचं भांडं चालणार नाही.

फवाऱ्याला हे द्रावण फारसं सोयीचं नाही, कारण उरलेला चुना नोझल बंद करतो. गाठी मारून बुडवायच्या कामाला मात्र उत्तम. एका वेळी दहा पिशव्या काढायच्या तर बाटल्या विकत घेण्यापेक्षा हे कितीतरी परवडतं. बोअरच्या जड पाण्यात कापडावर पांढरट राप राहतो, म्हणून एक धुणं जास्त धरा. उरलेली पावडर तेल, रॉकेल आणि ॲसिडपासून लांब, कोरड्या डब्यात.

रंगकाट

'हायड्रो' किंवा 'रंगकाट' नावाने मिळणारी ही पांढरी भुकटी म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. पुडीवरचं नाव वाचूनच घ्या. हिचं काम ब्लीचच्या उलट: ब्लीच रंगाचं ऑक्सिडेशन करतं, ही क्षपण, म्हणजे ऑक्सिडेशनच्या उलट क्रिया करते. सुताला इजा कमी होते, त्यामुळे तलम किंवा जुन्या कापडाला ही बरी. स्टीलच्या भांड्यात १ लिटर पाणी ६०-७० अंशांपर्यंत तापवा, म्हणजे वाफा निघतात पण उकळी नाही. त्यात ५ ग्रॅम धुण्याचा सोडा आणि ५ ग्रॅम रंगकाट टाका, गाठी मारलेलं ओलं कापड सोडा आणि १० ते २० मिनिटं हलकेच दाबत राहा. फार घुसळलं तर हवा मिसळून जोर संपतो. स्टेन्सिलला हिचा उपयोग नाही.

आणि एक सापळा आहे. स्वस्त काळं सूत आणि काळी जीन्स पुष्कळदा सल्फर रंगाने रंगवलेली असते, निळी जीन्स नीळ रंगाने. हे दोन्ही रंग रंगकाटीत उतरल्यासारखे दिसतात आणि हवा लागली की कापडात उरलेला रंग परत येतो. अशा कापडाला ब्लीचच हवं. कापड कोणतं आहे हे दुकानदार सांगू शकत नाही, तेव्हा कात्रण बुडवून अर्धा तास हवेत धरणं एवढाच मार्ग.

धूर उग्र असतो, उघड्यावरच करा. पुडीला ओल लागली तर ती आपोआप तापते, पेटूही शकते. ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडरीशेजारी ती कधीच ठेवू नका.

थांबवायचं कसं, आणि पाणी किती

नुसतं पाण्यात खळबळलं म्हणजे ब्लीच थांबलं असं होत नाही. धाग्यात शिरलेलं मागे राहतं आणि दोरीवर वाळताना काम करतच असतं. आधी एका पाण्यात खळबळून घ्या. मग १ लिटर पाण्याला १० ग्रॅम हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, या पाण्यात १० मिनिटं ठेवा. फिश टँकच्या दुकानात याचे खडे मिळतात. ते नसतील तर औषधाच्या दुकानातलं ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, लिटरला ५० मिली. बुडबुडे येणं थांबलं आणि वास गेला की झालं. त्यानंतर साबणाने धुवा.

ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे एका कुर्त्यामागे पाच-सहा बादल्या ओतायला सांगणं बरं नव्हे. हायपो वापरलं तर फवारलेला कुर्ता अडीच बादल्यांत निघतो: एक खळबळायला, अर्धी हायपोची, एक साबणाची. ब्लीचिंग पावडरीला यात एक-दोन बादल्या वाढतात. रंगकाटीला हायपो लागत नाही, दोन बादल्या पुरतात, पण पाणी तापवायचा गॅस धरा. ही पाणी मोरीतच सोडा, कुंड्यांना नको, त्यात क्षार असतात.

ऊन हा वेगळाच शत्रू आहे. चाळीसच्या वर पारा असताना गच्चीवर फवारलं तर पाणी उडून जातं, ब्लीच कडेला घट्ट होत जातं आणि नक्षीच्या किनारीवरच कापड फाटतं. सकाळी आठच्या आत, ओसरीत, वारा पाठीशी घेऊन करा. हातमोजे आणि चष्मा हवाच. दम्याचा त्रास असेल त्यांनी फवारणी न करता ब्रश घ्यावा.

कुणी काय घ्यावं

पहिल्यांदाच करणाऱ्यांनी बाटली, स्टेन्सिल आणि नांदेडच्या खादीसारखं जाड सूत घ्यावं. बचत गटाला पन्नास पिशव्यांची ऑर्डर असेल आणि गाठींची नक्षी चालणार असेल तर ब्लीचिंग पावडर. आईच्या जुन्या मऊ सुती साडीच्या ओढण्या करायच्या असतील तर रंगकाट, पण कात्रणावर रंग परत येत नाही हे बघितल्यावरच. रेशमी ओढणी असेल तर रंगकाटीशिवाय पर्याय नाही, तीही सोडा न घालता आणि कोमट पाण्यात. जरीला मात्र तिच्यापासून वाचवा.

काहीही निवडलंत तरी त्याच थानाची चार कात्रणं आधी फवारा किंवा बुडवा आणि २, ४, ६, ८ मिनिटांनी एकेक काढून हायपोत टाका. रंगकाटीची कात्रणं ५, १०, १५, २० मिनिटांनी काढा, हायपो नको. वाळल्यावर प्रत्येक कात्रण दोन्ही हातांनी ताणून बघा. पहिलं जे फाटेल, त्याच्या आधीच्या कात्रणाची मिनिटं ही त्या थानाची मर्यादा. ती चिठ्ठीवर लिहून कात्रणाला टाचून ठेवा. दुसरं थान आणलं की चिठ्ठी नवी.