रीलोडिंगची मॅन्युअल्स: आठ महिन्यांच्या वापरानंतर

रीलोडिंग म्हणजे वापरलेल्या पुंगळीत (काडतुसाच्या धातूच्या नळीत) नवा प्रायमर (दारू पेटवणारी टोपी), बंदुकीची दारू आणि गोळी भरून काडतूस पुन्हा तयार करणं. त्याच्या मापांची दोन पुस्तकं, लायमनची ५०वी आवृत्ती आणि हॉर्नडीची ११वी, आठ महिने .३०-०६ या रायफलीच्या काडतुसासाठी वापरली. हे अमेरिकेतल्या मराठी नेमबाजांसाठी लिहितोय. भारतात काडतुसं बनवायला शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे परवाना लागतो.

एकच पुस्तक घ्यायचं असेल तर लायमन घ्या. त्यात वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्या आहेत आणि बहुतेक नोंदींसमोर वेगाबरोबर दाबही छापलेला आहे. आकड्यापुढे अधिकचं चिन्ह असेल तर गोळी बसवताना दारू दाबली जाते, असं समजायचं. दाब वाचताना एकक मात्र बघाच. जुन्या चाचण्या सीयूपीत (तांब्याचा तुकडा किती चेपला यावरून काढलेला दाब) आहेत, नव्या पीएसआयत (चौरस इंचावर किती पौंड). .३०-०६ ची कमाल मर्यादा सीयूपीत ५०,००० आणि पीएसआयत ६०,०००. मर्यादा तीच, मोजण्याची पद्धत वेगळी. सीयूपीतला आकडा लहान दिसला म्हणून ‘अजून वाव आहे’ असं धरलंत तर फसाल.

हॉर्नडीचा तक्ता उलट्या अंगाने वाचायचा. वर वेग, डावीकडे दारूचं नाव, चौकटीत दारूचं वजन, ग्रेन या एककात. नजर एक ओळ घसरली की भलत्याच दारूचं माप हाती येतं. ओळीखाली स्टीलची पट्टी धरा, आणि डब्यावरचं नाव पुस्तकातल्या नावाशी अक्षरन् अक्षर ताडून बघा. एच ४८३१ आणि आयएमआर ४८३१ या दोन दारूंत आकडा एकच, पण आयएमआर लवकर जळते. एकीचं माप दुसरीला लावलं की दाब चढतो.

याच पुस्तकात एम१ गॅरंड या गॅसवर चालणाऱ्या अर्धस्वयंचलित रायफलीसाठी वेगळा तक्ता आहे, आणि गॅरंडवाल्यांना तेवढ्यासाठीसुद्धा ते घ्यावं असं वाटेल. सावकाश जळणाऱ्या दारूमुळे गॅस पोर्टपाशी (बॅरलमधून गॅस बाहेर घेणाऱ्या छिद्रापाशी) दाब जास्त राहतो आणि यंत्रणा मागे ढकलणारा ऑपरेटिंग रॉड वाकू शकतो. हाताने बोल्ट ओढायच्या रायफलीत निर्धोक असलेला लोड (दारू-गोळीचं माप) इथे रायफल बिघडवू शकतो.

दोन पुस्तकांत कमाल माप जुळलं नाही म्हणून बरेच जण वैतागतात. पण बॅरल, पुंगळी, प्रायमर, दारूचा लॉट (उत्पादनाची खेप), सगळंच वेगळं असताना ते जुळेल कसं? म्हणून तक्त्याआधी पानाचा माथा वाचा: पुंगळी कुणाची, प्रायमर कोणता, काडतुसाची एकूण लांबी किती. यातलं काहीही बदललं तर पुन्हा सुरुवातीच्या मापापासून. नुसतं गोळीचं वजन जुळून भागत नाही. तेवढ्याच वजनाची सबंध तांब्याची गोळी लांब असते, पुंगळीतली जागा खाते आणि दाब वाढवते.

पुस्तकातला वेग आपल्या बॅरलमधून मिळाला नाही तर तो गाठायला दारू वाढवू नका. त्यांची चाचणीची बॅरल वेगळी असते. दोन पुस्तकांत फरक दिसला की कमी माप धरायचं आणि दारू बनवणाऱ्या कंपनीचा ताजा तक्ता बघायचा. हॉजडन या दारू कंपनीचा संकेतस्थळावर फुकट मिळतो.